विजेचा गोंगाट आणि गुरुवारची पेटी

गेल्या फेब्रुवारीच्या आरंभीं, मधल्या सुट्टींत, इयत्ता नववींतील एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारांत येऊन बराच वेळ घुटमळला व शेवटीं मला म्हणाला, "सर, वजनाचा कांटा खोटें बोलूं शकतो काय?" प्रश्न थट्टेचा नव्हता, हें त्याच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होतें.

त्याच्या वडिलांचा चिंचवड स्टेशनाच्या बाजूस एक लहानसा कारखाना आहे. तेथें लेथवर पितळेच्या बारीक बुशी तयार होतात. एका बुशीचें वजन चार ग्रॅम. हजारों नग हातानें मोजीत बसणें परवडत नाहीं, म्हणून त्या वजनावरून मोजतात. विजेच्या कांट्यावर चार किलो भरले कीं एक हजार नग झाले व पेटी बंद झाली. तीन महिन्यांपासून गिऱ्हाइकाची तक्रार येऊं लागली कीं प्रत्येक पेटींत चार-पांच नग कमी निघतात. पेट्या भरण्याचें काम एका वृद्ध कामगाराकडे होतें. ते तेथें पंधरा वर्षें होते. पितळ हा महाग धातु. संशय कोणावर गेला हें सांगावयास नको.

संशयास पुरावाहि मिळाला. आपल्या औद्योगिक भागांत गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार. त्या दिवशीं यंत्रें बंद असतात व हे वृद्ध गृहस्थहि घरीं असतात. मात्र कामाची निकड असली म्हणजे मालक स्वतः मुलाला घेऊन येत व राहिलेल्या पेट्या भरीत. या गुरुवारच्या पेट्या नेमक्या भरत. हजारांत एकहि नग कमी नसे. आतां आणखी काय हवें? "तूर्त घरीं राहा," असें त्या गृहस्थांस सांगण्यांत आलें.

"पण सर," मुलगा म्हणाला, "गुरुवारीं काका नसतात, तशीं यंत्रेंहि चालू नसतात."

हें वाक्य ऐकून मीं हातांतल्या वह्या खालीं ठेवल्या. मी अठरा वर्षें मुलांना शास्त्र शिकवीत आहें. परंतु दोन कारणें एकाच वेळीं नाहींशीं झालीं असतां त्यांतील एकालाच दोषी धरूं नये, ही गोष्ट इतक्या थोडक्या शब्दांत मलाहि सांगतां आली नसती.

प्रथम कांटा वजन कसें ओळखतो तें पाहूं. परडीखालीं एक धातूचा ठोकळा असतो, त्यास लोडसेल म्हणतात. त्यावर अत्यंत बारीक तारांच्या जाळ्या चिकटविलेल्या असतात. वजन पडलें कीं ठोकळा डोळ्यांस न दिसेल इतका वांकतो, जाळ्या ताणल्या जातात आणि त्यांचा विद्युतरोध किंचित् बदलतो. या जाळ्यांना पांच व्होल्टांचा दाब दिला, तर पूर्ण दहा किलो वजनाला ठोकळ्याकडून सुमारें दहा मिलिव्होल्टांचा संकेत मिळतो. आतां हिशेब करा. दहा किलोंचे दहा हजार ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमच्या वांट्यास एक मायक्रोव्होल्ट, अर्थात् एका व्होल्टाचा दहालक्षांश आला. घड्याळांत घालतों त्या लहान सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याचे पंधरा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक ग्रॅम! आपल्या बुशीचे मायक्रोव्होल्ट चार. कोठून तरी वीस मायक्रोव्होल्टांची लबाडी आंत शिरली, कीं कांट्याच्या दृष्टीनें पांच बुशी हवेंतून उत्पन्न झाल्या. आणि कांटा जितक्या जास्त दाखवील तितक्या पेटींत कमी पडणार.

अशा लबाडीला विद्युत्शास्त्रांत गोंगाट म्हणतात. कानाला ऐकूं येवो वा न येवो, संकेतांत मिसळलेला जो नको असलेला चढउतार, तो गोंगाट. त्याच्या येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत; परंतु सर्वांत रुळलेली वाट म्हणजे ज्या विजेवर उपकरण चालतें ती वीजच. घरांत चोर शिरूं नये म्हणून आपण खिडक्यांना गज लावतों, आणि रोज दूध घेऊन येणाऱ्यासाठीं दार मात्र उघडें ठेवतों, त्यांतलाच हा प्रकार.

आपल्या घरीं येणारी वीज एका सेकंदांत पन्नास वेळां पुढें व पन्नास वेळां मागें वाहते. उपकरणाला मात्र एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. म्हणून डायोडांच्या साह्यानें मागें जाणारा प्रवाहहि पुढें वळवितात. असें केल्यावर जी वीज मिळते, ती सपाट नसते. सेकंदाला शंभर उंचवटे व शंभर खळगे असलेली ती एक वाट असते. हे खळगे भरून काढण्यासाठीं कपॅसिटर बसवितात. जुने कारागीर त्यास अजून कंडेन्सर म्हणतात. उंचवट्याच्या वेळीं तो भरतो व खळग्याच्या वेळीं आपल्याजवळचें देतो. परंतु देतां देतां तोहि थोडा रिता होतोच. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून दहामांश अँपिअर प्रवाह दोन उंचवट्यांमधल्या १० मिलिसेकंदांत वाहिला, तर त्याचा दाब सुमारें एक व्होल्टानें उतरतो. प्रवाहाला वेळेनें गुणा व कपॅसिटरच्या मापानें भागा, उत्तर येईल. हीच ती लाट, जी सभागृहांतील ध्वनिवर्धकांत 'हूंऽऽ' असा आवाज करते.

येथें आपल्या गांवाची एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हां चिंचवडावरून जाणारा हा लोहमार्ग १५०० व्होल्टांच्या, एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेवर चालत असे. अशी वीज तयार करण्याच्या एका रीतींत तीन तारांवरून आलेल्या विजेचे सहा उंचवटे एकामागून एक घेतात; म्हणजे सेकंदाला तीनशें लाटा होतात. लाटा जितक्या दाट तितके खळगे उथळ, हा त्यांतील लाभ. पण अशी तीनशेंची लाट शेजारून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांत गुणगुणूं शकते, म्हणून अशा वीजकेंद्रांत ती गाळण्याची योजना करावी लागे. आतां याच मार्गावर २५,००० व्होल्टांची, पुढेंमागें वाहणारी वीज आहे.

कपॅसिटरपुढें रेग्युलेटर बसविला म्हणजे हा गुणगुणाट पुष्कळच दबतो. बाजारांत अल्प किंमतीस मिळणारा ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर शंभरच्या लाटेला सुमारें हजारांश किंवा त्याहूनहि कमी करतो. एक व्होल्टाची लाट एक मिलिव्होल्टावर येते. शिवाय वजनाचा कांटा कांहीं वेळाची सरासरी घेऊन मगच आंकडा दाखवितो, त्यामुळें असली संथ लाट त्यांत बहुतेक पुसून जाते. म्हणजे आमचा चोर हा नव्हे.

दुसरा गोंगाट नव्या युगाचा आहे. पूर्वींचे अ‍ॅडॅप्टर जड असत, कारण त्यांत लोखंडी पत्र्यांचा ट्रान्स्फॉर्मर असे. हल्लींचे हातांत घेतां न कळण्याइतके हलके असतात. ते येणाऱ्या विजेचे सेकंदाला हजारों, कधीं लाखों, तुकडे करतात व मग ते तुकडे जोडून हवा तो दाब देतात. यांत वीज वाया कमी जाते व उष्णताहि थोडी होते, म्हणून ही पद्धति सर्वत्र पसरली, आणि तें योग्यच झालें. परंतु प्रत्येक तुकडा कापतांना एक ठिणगीसारखा झटका उत्पन्न होतो. चांगल्या अ‍ॅडॅप्टरांत तो अडविण्यासाठीं आंत शिरतांना व बाहेर पडतांना गाळण्या असतात. स्वस्त अ‍ॅडॅप्टरांत त्यांच्या जागा रिकाम्या सोडलेल्या मीं स्वतः पाहिल्या आहेत. लेथची गति कमीजास्त करणारा जो ड्राइव्ह आतां लहान कारखान्यांतूनहि दिसतो, तोहि विजेचे असेच सेकंदाला हजारों तुकडे करतो, आणि तेहि घोड्यांच्या शक्तीनें! त्यापुढें अ‍ॅडॅप्टर म्हणजे मुंगी.

तिसरा गोंगाट क्षणिक पण दांडगा. काँप्रेसर बंद करतांना 'खट्' असा आवाज होतो, तो कॉन्टॅक्टरचा. त्यांत तारेचें वेटोळें असतें. वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाह एकाएकीं तोडला, तर तो थांबावयास तयार नसतो. उतारावरून आलेल्या भरल्या गाड्यापुढें अकस्मात् दगड टाकावा, तसें होतें. त्या क्षणीं वेटोळ्याच्या टोकांशीं मूळ दाबाच्या कित्येक पट दाब उसळतो व त्याच तारेवरील शेजाऱ्यापाजाऱ्यांना धक्का देतो.

एवढी उजळणी करून, एका बुधवारीं, आम्ही त्या कारखान्यांत गेलों. मालकांनीं नाखुषीनें का होईना, परवानगी दिली. बरोबर चार किलोंचीं शिक्क्याचीं वजनें नेलीं होतीं. यंत्रें बंद ठेवून तीं कांट्यावर ठेवलीं. आंकडा आला ४०००. नंतर लेथ चालू करण्यास सांगितलें. कांट्याला कोणी हात लावला नाहीं, श्वासहि लागला नसेल. आंकडा थरथरला व ४०१८ वर येऊन बसला. काँप्रेसरचा 'खट्' आवाज होतांच क्षणभर शंभरानें उडी मारून पुन्हा ४०१८. लेथ थांबविली, ४०००. पुन्हा लावली, ४०१८. मालक बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

रोज सकाळीं यंत्रें सुरू होण्यापूर्वीं कांट्याचें शून्य लावीत. मग यंत्रें चालू होत आणि दिवसभर अठरा ग्रॅमचें अदृश्य वजन परडींत बसून राही. अठरा भागिले चार, म्हणजे साडेचार बुशी.

येथें चौकस वाचक विचारील कीं झटका तर दोन्ही बाजूंस सारखाच होतो, मग सरासरींत तो शून्य कां होत नाहीं? स्वयंपाकघरांतील मिक्सर पाहा. तो थरथरतो दोन्ही बाजूंस, पण ओट्यावर सरकतो मात्र एकाच बाजूस. कांट्यांतील संकेत मोठा करणारी रचना संथ चढउतारांसाठीं केलेली असते; अतिजलद चढउतार तिला दोन्ही बाजूंस सारखे झेलतां येत नाहींत, व त्यांतून एका बाजूस किंचित् शिल्लक उरते. हीच शिल्लक आमचे अठरा मायक्रोव्होल्ट.

पण ड्राइव्ह तर दोन वर्षें होता. तक्रार तीन महिन्यांचीच कां? विचारपूस करतां कळलें कीं दिवाळीच्या सुमारास कांट्याचा मूळ अ‍ॅडॅप्टर जळाला होता, व त्या जागीं रस्त्यावरून आणलेला एक हलका अ‍ॅडॅप्टर लावला होता. दाराचा पहारेकरी बदलला होता.

मालक भले गृहस्थ. त्याच संध्याकाळीं ते त्या वृद्धांच्या घरीं गेले. परंतु वृद्धांनीं सांगितलें, "कांटा नीट होईपर्यंत मी पेटीला हात लावणार नाहीं. उद्यां पुन्हा कमी भरली तर?" तें त्यांचें म्हणणें सर्वथैव रास्त होतें, आणि त्यामुळें कांटा नीट करण्याचें ओझें आमच्या शिरावर येऊन पडलें.

कांटा उघडणें आम्हांस शक्य नव्हतें. व्यापारी कांट्यावर वैधमापन खात्याची मोहोर असते व ती तोडणें हा गुन्हा आहे. म्हणून मुलांनीं शाळेंतच एक नमुन्याचा कांटा तयार केला. बाजारांतून दहा किलोंचा लोडसेल, त्याचा संकेत आंकड्यांत बदलणारी एचएक्स ७११ ही आयसी, आणि एक दर्शक आणला. एका परिचित प्राध्यापकांनीं आपला ऑसिलोस्कोप आठवडाभर वापरावयास दिला. या यंत्राच्या पडद्यावर विजेची लाट डोळ्यांनीं दिसते. पहिल्या दिवशीं मुलें फार घाबरलीं, कारण कोठेंहि टोंक लावलें तरी झटके दिसत; इतकेंच काय, टोंक व त्याचा जमिनीचा चिमटा एकाच ठिकाणीं लावले तरी दिसत. तो दोष चिमट्याच्या लांब तारेचा होता. ती तारच वेटोळें होऊन हवेंतील झटके पकडीत होती. तार आंखूड करतांच निम्मे झटके गेले. मोजणारा स्वतःच गोंगाट घालीत नाहीं ना, हें पाहिल्यावांचून दुसऱ्यावर आरोप करूं नये.

आमच्या नमुन्याचा आंकडाहि स्थिर राहीना. येथें मीं चूक केली, व ती मी लपवीत नाहीं. मीं मुलांस सांगितलें, "मोठा कपॅसिटर लावा." त्यांनीं २२०० मायक्रोफॅरडचा, अंगठ्याएवढा जाड कपॅसिटर अ‍ॅडॅप्टरच्या टोंकाशीं, आयसीपासून साठ सेंटिमीटर अंतरावर लावला. शंभरची लाट सपाट झाली. आंकडा मात्र होता तसाच नाचत राहिला. आम्हीं त्याच्याहून मोठा लावला. तरी तेंच.

मग एका मुलीनें कोष्टक वाचतां वाचतां विचारलें कीं सर्व आकृतींत आयसीच्या पायांशीं एक इवलासा कपॅसिटर दाखविलेला असतो, तो आपण कां गाळला? तो मसुराच्या दाण्याएवढा असतो व त्यावर १०४ असे आंकडे असतात. म्हणजे दहापुढें चार शून्यें इतके पिकोफॅरड, अर्थात् एक मायक्रोफॅरडचा दहावा भाग. एवढ्याशा वस्तूचें काय महत्त्व, असें मला वाटलें होतें. तो पायांना अगदीं चिकटवून लावला, जोडीला दहा मायक्रोफॅरडचा एक, आणि आंकडा पाण्यांतल्या दगडासारखा स्थिर झाला.

याचें कारण तारेंत आहे. आपण तार म्हणजे केवळ वाट समजतों. परंतु प्रत्येक तारेंत प्रवाहाच्या आकस्मिक बदलास विरोध करण्याचा, वेटोळ्याचाच गुण अल्प प्रमाणांत असतो. ढोबळ मानानें एका सेंटिमीटरला दहा नॅनोहेन्री धरतात. अंकीय आयसी आपलें काम करतांना झटक्याझटक्यानें प्रवाह मागते. समजा, पांच नॅनोसेकंदांत पन्नास मिलिअँपिअर. दोन सेंटिमीटर तारेवर एवढ्यानेंच दोन दशांश व्होल्ट खर्ची पडतात. साठ सेंटिमीटरला हिशेब केला तर उत्तर सहा व्होल्ट येतें, म्हणजे पुरवठ्याच्या पांच व्होल्टांहूनहि अधिक! याचा अर्थ इतकाच कीं दूरच्या कपॅसिटरकडून वीज वेळेवर पोंचूंच शकत नाहीं. मुलांच्या मातांना हें समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं. गच्चीवर हजार लिटरची टाकी भरलेली असली तरी जेवतांना ठसका लागला असतां उपयोगी पडतो तो पानाशेजारचा तांब्या. टाकी हवीच, ती दिवसाची तूट भरून काढते. पण ठसक्याला तांब्या.

दुसरा दोष परतीच्या वाटेचा होता. विजेनें जावयाचें तसेंच परत यावयाचें असतें. मुलांनीं दर्शकाच्या दिव्याची व लोडसेलच्या संकेताची परतीची तार एकच ठेवली होती. दिव्याचा पन्नास मिलिअँपिअर प्रवाह दशांश ओहमच्या त्या तारेंतून गेला कीं तिच्या दोन टोंकांत पांच मिलिव्होल्टांचा फरक पडे. आणि आमच्या संपूर्ण दहा किलोंचा संकेत दहा मिलिव्होल्ट! पवनेच्या एका घाटावर म्हशी धुवाव्या व त्याच्याच खालच्या पायरीवर पिण्याचें पाणी भरावें, असा तो प्रकार होता. दोन तारा वेगळ्या करून त्या अ‍ॅडॅप्टरच्या टोंकाशीं एकाच जागीं जोडल्या, म्हणजे हा फरक संकेताच्या वाटेंत येईनासा झाला.

याच सुमारास फेब्रुवारीची २८ तारीख आली. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदची महाकाय रेडिओ-दुर्बीण लोकांस पाहण्यासाठीं खुली करतात व शाळांचे प्रयोगहि तेथें मांडले जातात. आम्ही आमचा नमुना घेऊन निघालों. चाकण, राजगुरुनगर व मंचर मागें टाकून नाशिकच्या रस्त्यानें नारायणगांवास पोंचलें कीं तेथून खोडद जवळच आहे. प्रत्येकीं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मध्यभागीं एकत्र व उरलेल्या सोळा तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या, इतक्या कीं टोंकाच्या दोन थाळ्यांत सुमारें पंचवीस किलोमीटरांचें अंतर पडतें. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेंतून ही उभी राहिली. लोखंडी पत्र्याऐवजीं ताणलेल्या तारांची जाळी वापरल्यामुळें थाळ्या हलक्या व स्वस्त झाल्या.

ही जागा निवडण्याचें एक कारण तेथील शांतता हें होतें. शांतता म्हणजे रेडिओलहरींची. डोंगरांच्या आडोशामुळें मनुष्यनिर्मित गोंगाट तेथें कमी पोंचतो. आकाशांतून येणारा संकेत किती क्षीण असतो, याची कल्पना करणेंहि कठीण. ज्योतिषी ज्याला एक जान्स्की म्हणतात तेवढ्या तेजाच्या वस्तूकडून, दहा लक्ष हर्ट्झांच्या पट्ट्यांत, अशा एका थाळीवर जमणारी शक्ति म्हणजे एकावर सतरा शून्यें दिलीं असतां जी संख्या होते, तितके एका वॅटाचे भाग केल्यावर त्यांतील अंदाजें एक. त्यापुढें आमचा मायक्रोव्होल्ट म्हणजे मेघगर्जनाच. विजेच्या खांबावरील सैल जोड किंवा तडकलेली चिनी मातीची चिमणी बारीक ठिणग्या टाकूं लागली, तरी तो गोंगाट या थाळ्यांना ऐकूं येतो. म्हणून संकेत थाळ्यांपासून मुख्य इमारतीपर्यंत तांब्याच्या तारेऐवजीं कांचेच्या तंतूंतून प्रकाशरूपानें आणतात, त्यांवर संस्कार करणारीं यंत्रें धातूचें आवरण असलेल्या खोलींत ठेवतात, आणि विजेच्या तारांवरील ठिणग्यांचे झटके आंकडेमोड चालू असतांनाच ओळखून वगळण्याचीहि योजना केली आहे. तरीहि पहिला उपाय म्हणजे सैल जोड आवळणें, असें तेथें आम्हांस समजलें. आमचा विद्यार्थी परततांना गाडींत बराच वेळ गप्प होता. राजगुरुनगर आल्यावर म्हणाला, "सर, आपण कांट्याकडूनच विचार करीत आहों. ड्राइव्हकडून करायला हवा."

त्याप्रमाणें मार्चच्या पहिल्या आठवड्यांत काम झालें. २३० व्होल्टांच्या तारांना मुलांनीं हात लावला नाहीं, मीहि लावला नाहीं. परवानाधारक तारतंत्र्याकडून तें करून घेतलें, व आमच्या वाचकांनींहि तसेंच करावें. ड्राइव्हपासून मोटरीकडे जाणारी उघडी तार काढून धातूच्या जाळीचें आवरण असलेली तार घातली, व तें आवरण दोन्ही टोंकांशीं भूमीला जोडलें. कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यावर शंभर ओहमचा रोध व दशांश मायक्रोफॅरडचा, घरगुती विजेवर लावण्यासाठींच बनविलेला कपॅसिटर, असे एकापुढें एक जोडून लावले, म्हणजे तुटलेल्या प्रवाहाला जिरण्यास जागा मिळाली. कांट्याची वीज काँप्रेसरच्या पाटीवरून न घेतां मुख्य पेटीपासून वेगळी आणली. कांट्यासाठीं त्याच्या उत्पादकाचा मूळचा अ‍ॅडॅप्टर मागविला, आणि त्याच्या तारेच्या कांट्याकडील टोंकाला फेराइटचें एक काळें कडें घातलें. दोन्ही तारा त्या एकाच कड्यांतून जातात. दोहोंवरून एकदम, एकाच दिशेनें येणारा झटका त्यांत अडतो, आणि जाणारी-येणारी खरी वीज मात्र बिनहरकत जाते. अ‍ॅडॅप्टर सोडला तर या सर्वांत खर्च थोडा होता. तारेचा सर्वांत जास्त.

सर्व एकदम न करतां एकेक करीत गेलों व प्रत्येक वेळीं शिक्क्याचीं वजनें ठेवून आंकडा टिपला. पहिल्या प्रतीचें काम कोणी केलें, हें त्यावरून कळलें. ड्राइव्हची तार बदलतांच ४०१८ चे ४००६ झाले. अ‍ॅडॅप्टरनें ते ४००१ वर आणले. वेगळ्या तारेनें ४०००. फेराइटच्या कड्यानें आंकड्यांत फरक पडला नाहीं, तरी तें आम्हीं राहूं दिलें. काँप्रेसरची उडी कॉन्टॅक्टरच्या उपायानें गेली.

मग मालकांनीं गोदामांत पडून असलेल्या बारा पेट्या हातानें मोजविल्या. दोन गुरुवारच्या होत्या. त्यांत पूर्ण हजार. उरलेल्या दहांपैकीं प्रत्येकींत ९९५ किंवा ९९६. त्या दहांतील तीन पेट्या वृद्ध गृहस्थ घरीं बसल्यानंतर, कामाच्या दिवशीं, मालकांनीं स्वतः भरलेल्या होत्या.

वृद्ध गृहस्थ सोमवारीं कामावर आले. आतां त्या कारखान्यांत शून्य लावतात तें यंत्रें चालू झाल्यावर. आणि कांट्याशेजारीं फडक्यांत गुंडाळलेलीं चार किलोंचीं शिक्क्याचीं वजनें असतात. सकाळीं पहिली पेटी भरण्यापूर्वीं तीं परडींत ठेवून आंकडा वहींत लिहावयाचा असतो. तें काम त्यांनीं स्वतःकडे मागून घेतलें आहे, व त्या खालीं सही मालकांची असते.